तबकडीत उरलेला सिनेमा: ‘पिंजरा’ ते ‘सैराट’, सोलापूरच्या वाटेने

१/
भवानी पेठेतून लग्नाची वरात निघाली आणि ‘झिंगाट’ वाजले नाही, असे गेल्या काही वर्षांत क्वचितच घडले असेल. ज्या चित्रपटातून हे गाणे आले, त्याचा शेवट मात्र निःशब्द आहे. जातीच्या अभिमानापायी झालेल्या दोन खुनांनंतर पडद्यावर एक लहान मूल चालते आणि त्या वेळी कोणताही आवाज ऐकू येत नाही. एकाच चित्रपटातले गाणे वरातीत पोहोचले आणि शेवटची शांतता चित्रपटगृहातच राहिली. हे कसे घडते, याचा इतिहास या मालिकेत पाहू.

२/
विषय आहे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिकांचा: तबकड्या, कॅसेटी आणि त्यानंतर आलेली साधने. चित्रपट उतरतो, त्याच्या प्रती झिजतात, चित्रपटगृहे बंद पडतात. गाणी मात्र घरात राहतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या अनेक मराठी चित्रपटांची आजच्या पिढीशी ओळख आहे ती केवळ गाण्यांमुळे. ध्वनिमुद्रिकेने चित्रपट जपला, हे खरेच. पण जपताना तिने त्यातले काय ठेवले आणि काय गाळले, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

३/
या प्रश्नाकडे सोलापूरहून पाहण्याला कारण आहे. १८७७मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच ‘जुनी मिल’ हे नाव पडले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला. भवानी पेठ, साखर पेठ, दाजी पेठ या वस्त्यांत आधी हातमाग आणि मग यंत्रमाग आले, विड्या वळण्याचे काम घरोघरी पसरले. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू यावी, असे हे शहर. इथे गाणे ऐकायचे तर ते मागाच्या खडखडाटावर मात करूनच ऐकावे लागे.

४/
दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ येण्यापूर्वी चित्रपट पुन्हा पाहण्याचा मार्ग एकच होता: पुन्हा तिकीट काढणे. भागवत चित्रपटगृहांच्या आवारात खेळ बदलला की आधीचा चित्रपट नजरेआड होई. मागे उरत ती गाणी. ती आकाशवाणीवर लागत, हॉटेलातल्या रेडिओवर वाजत, गणेशोत्सवात कर्ण्यांवरून घुमत. ज्याच्याकडे ग्रामोफोन असेल, त्याच्या ओट्यावर शेजारी जमत. चित्रपटाची आठवण ही डोळ्यांपेक्षा कानांनी जपण्याची गोष्ट होती.

५/
प्रत्येक साधनाने या आठवणीला आपले माप लावले. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. त्यामुळे गाणे तेवढ्यात बसवावे लागे किंवा दोन बाजूंत तोडावे लागे. चित्रपटातला लांबचा आलाप, मधला संवाद, गाण्याआधीची शांतता यांना तिथे जागाच नव्हती. भारतात या तबकड्या कोलकात्याजवळच्या डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात निघत आणि कुत्र्याच्या चित्रामुळे त्या देशभर ओळखल्या जात.

६/
तबकडीवर कोणाचे नाव छापायचे, याचाही इतिहास आहे. १९४९च्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. आवाज लता मंगेशकर यांचा होता. श्रोत्यांनी नभोवाणीकडे चौकशी सुरू केल्यावर खरे नाव पुढे आले. तबकडीवरचा तो गोल कागद आज इतिहासाचे साधन ठरतो, याचे कारण हेच: त्यावर काय छापले आणि काय वगळले, यातून त्या काळात श्रेय कोणाला मिळे ते कळते.

७/
पुढे ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. तिच्यात बहुधा चार गाणी बसत. ३३ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले आणि पहिल्यांदाच एका चित्रपटाची बहुतेक सगळी गाणी सलग ऐकता आली. आजच्या अर्थाने ‘अल्बम’ तो हाच. त्याला पुठ्ठ्याचे मोठे वेष्टन असे, वेष्टनावर चित्रपटातले छायाचित्र आणि मागे गीतकार, संगीतकार, गायक यांची यादी. गाणे ऐकत ते वेष्टन न्याहाळणे हाही चित्रपट पाहण्याचाच एक प्रकार होता.

८/
मराठीत या अल्बमची ताकद ठसठशीतपणे दिसली ती १९७२च्या ‘पिंजरा’मध्ये. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदम यांचे संगीत. कथेचा सांगाडा जर्मन चित्रपट ‘द ब्लू एंजल’चा: आदर्श मानला गेलेला एक शिक्षक तमाशातल्या नर्तकीच्या ओढीने उद्ध्वस्त होतो. चित्रपट त्या शिक्षकाचा, पण तबकडी नर्तकीची झाली. उषा मंगेशकर यांच्या आवाजातल्या लावण्या घराघरांत पोहोचल्या आणि मास्तरांची शोकांतिका चित्रपट पाहिलेल्यांपुरती उरली.

९/
सोलापूर जिल्ह्यात याला एक वेगळा संदर्भ होता. माढा तालुक्यातले मोडनिंब हे संगीत बारीच्या कलावंतांचे नावाजलेले ठिकाण. लावणी तिथून चित्रपटात गेली आणि तबकडीवर बसून परत आली. बैठकीत प्रेक्षक चित्रपटातल्या लावणीची फर्माईश करू लागले आणि कलावंतांना ती शिकून घ्यावी लागली. पारंपरिक लावणीला हवा तेवढा विस्तार घेता येई. तबकडीवरची लावणी साडेतीन मिनिटांत संपे. मूळ कलेने आपल्याच प्रतिमेची नक्कल करावी, असा हा उलटा प्रवास होता.

१०/
१९७५मध्ये ‘शोले’ने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पॉलिडोरने या चित्रपटाच्या संवादांची तबकडी काढली आणि ती प्रचंड खपली. गाण्यांऐवजी संवाद विकत घेऊन लोक घरी, हॉटेलात, मेळ्यात ऐकू लागले. गब्बरसिंगचे बोलणे पाठ असण्यामागे चित्रपटाइतकाच या तबकडीचाही वाटा आहे. लोकांना केवळ गाणी नको होती. चित्रपटाचा जेवढा अंश घरी नेता येईल तेवढा हवा होता, हे त्या खपाने सिद्ध केले.

११/
याच दशकात सोलापुरात वाढलेला एक दिग्दर्शक मराठी चित्रपटाच्या संगीताला वेगळे वळण देत होता. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२चा, पंढरपूरचा. शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घराचा त्यांच्यावर मोठा संस्कार झाला. सोलापूरच्या त्या घरी साहित्यिकांचा आणि गायकांचा राबता असे. कुमार गंधर्व आणि पु. ल. देशपांडे तिथले पाहुणे. पुढे पटेल यांनी कुमारजींवर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला, त्याची बीजे या घरात शोधता येतात.

१२/
पटेल पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९७२मध्ये त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. संगीत भास्कर चंदावरकरांचे. या नाटकात कथा पुढे नेण्याचे काम गाणे आणि नाचणारी माणसांची भिंत करत होती. इथल्याच मंडळींतून रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे हे आवाज पुढे पटेलांच्या चित्रपटांत आले. गाणे सजावटीसाठी नसून सांगण्यासाठी असते, ही शिकवण नाटकातली.

१३/
‘सामना’ (१९७५) हा त्यांचा पहिला चित्रपट. पटकथा तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची, संगीत चंदावरकरांचे. एका बाजूला निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव, दुसऱ्या बाजूला श्रीराम लागू यांचा भणंग मास्तर. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धा विभागात तो दाखवला गेला. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या सोलापूर जिल्ह्याला ही गोष्ट सांगण्यासाठी दुभाषा लागत नव्हता. कारखान्याभोवती फिरणारी सत्ता इथल्या माणसाच्या रोजच्या परिचयाची होती.

१४/
‘सामना’च्या दोन गाण्यांचे नशीब तुलना करण्यासारखे आहे. खेबुडकरांचे, लताबाईंनी गायलेले विरहगीत आकाशवाणीवर सतत वाजत राहिले. ते ऐकताना साखर कारखाना कोणालाही आठवत नाही. दुसरे गीत आरती प्रभूंचे, रवींद्र साठे यांच्या आवाजातले, कोणाचे ओझे कोण वाहते असा प्रश्न विचारणारे. त्यात मात्र सगळा चित्रपट सामावलेला आहे. ते तबकडीवर ऐकले तरी हिंदुराव आणि मास्तर दोघेही समोर उभे राहतात. एकाच चित्रपटातून एक गाणे सुटून गेले, दुसऱ्याने चित्रपट खांद्यावर घेतला.

१५/
मग आला ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, सतीश आळेकरांची पटकथा, निर्मिती उषा मंगेशकर यांची. कर्नाळा किल्ल्याच्या परिसरातल्या ठाकरांची ही कथा. नाग्याला पुण्यवंत व्हायचे आहे, राणीमाशी पाहायची आहे. माशीच्या डंखाने त्याचा डोळा जातो आणि तो लिंगोबाच्या सुळक्यावरची पोळी उतरवण्याचा पण करतो. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी. पणाची किंमत चिंधीच्या मृत्यूने चुकती होते.

१६/
गीते ना. धों. महानोरांची. अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळच्या पळसखेड्याचा हा शेतकरी कवी ‘रानातल्या कविता’ या संग्रहाने (१९६७) गाजला होता. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या शब्दांना चाली दिल्या. एकदोन नव्हे, डझनाहून अधिक गाणी या चित्रपटात आहेत. काही जेमतेम मिनिटभराची, काही पूर्ण लांबीची. साठे आणि काळे पडद्यावर सूत्रधार होऊन येतात आणि गोष्ट गात गात सांगतात. ‘घाशीराम’च्या रंगमंचावरची रीत इथे डोंगरात नेली आहे.

१७/
म्हणूनच ‘जैत रे जैत’चा अल्बम बाकीच्यांहून वेगळा आहे. तो क्रमाने ऐकला तर चित्रपट न पाहिलेल्यालाही डोंगर, दुष्काळ, ओढ, पण आणि विजय या पायऱ्या कळतात. आशाबाईंच्या आवाजातला पाऊस असो वा लताबाईंच्या आवाजातले रात्र झुगारून निघणे असो, प्रत्येक गाण्याला कथेत आपली जागा आहे. अनेक घरांत हा चित्रपट एकदाही पाहिलेला नसतो, पण त्याची सहा-सात गाणी सगळ्यांना पाठ असतात. उत्तम मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेली ही कलाकृती आज मुख्यतः कानांनी जिवंत आहे.

१८/
तरीही तबकडीने इथेही काही गाळले. ठाकरांची जगण्याची भाषा महानोरांनी आपल्या मातीतल्या बोलीतून उभी केली. ती बोली मराठवाडा आणि खानदेशाच्या सीमेवरची आहे, कर्नाळ्याची नाही. तबकडीवरच्या प्रमुख गायकांत ठाकर समाजातले कोणीही नव्हते. गाणी इतकी लोकप्रिय झाली की शहरी श्रोत्याला तेच ठाकरांचे संगीत वाटू लागले. हा कलाकृतीचा दोष म्हणता येणार नाही. पण महान अल्बम मूळ आवाजाची जागा घेऊ शकतो, हे इतिहास लिहिणाऱ्याने नोंदवायला हवे.

१९/
‘सिंहासन’मध्ये (१९७९) गाण्यांना फारशी जागाच नव्हती. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा राजकीय चित्रपट खुर्चीच्या खेळात गुंतलेला. त्यात सुरेश भटांची उषःकालाची रचना हृदयनाथांच्या चालीत येते. चित्रपटातून बाहेर पडल्यावर हे गीत मोर्चात आणि सभांत गायले जाऊ लागले. ज्यांनी ‘सिंहासन’ पाहिलेला नाही, त्यांनीही ते घोषणेसारखे म्हटले आहे. अल्बममुळे अर्थ हरवतोच असे नाही; कधी तो रस्त्यावर येऊन अधिक धारदार होतो.

२०/
‘उंबरठा’ (१९८२) हे याच्या उलट टोक. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेली तेंडुलकरांची पटकथा. स्मिता पाटील यांची सुलभा संसाराबाहेर पडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते, तिथला भ्रष्टाचार आणि क्रौर्य पाहते, झगडते, राजीनामा देऊन परतते. घरी नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा दुसऱ्यांदा घर सोडते. विवाह, नोकरी आणि स्त्रीचा स्वतःवरचा हक्क यांबद्दल मराठी पडद्याने इतक्या थेट शब्दांत क्वचितच विचारले होते.

२१/
आणि या चित्रपटाची गाणी? सुरेश भटांची लताबाईंनी गायलेली गझल आज प्रेमभंगाच्या मैफलीत गायली जाते. वसंत बापटांची प्रार्थना शाळांच्या संमेलनांत म्हटली जाते. दोन्ही रचना अप्रतिम आहेत. पण गझलेतली ती सुनी मैफल, आपल्या कामासाठी घर सोडलेल्या एका बाईच्या आयुष्यातली आहे, ही जाणीव अल्बमसोबत येत नाही. गाणे ऐकणारे लाखो, सुलभेचा निर्णय पाहिलेले थोडे. चित्रपटातला सर्वांत अडचणीचा प्रश्न तबकडीच्या खोबणीत उतरला नाही.

२२/
याच सुमारास कॅसेट आली आणि सगळे बदलले. ग्रामोफोन ही काही घरांची चैन होती. कॅसेट प्लेअर यंत्रमागाच्या शेडमध्येही पोहोचला. १९८३मध्ये सुरू झालेल्या टी-सिरीजने आणि इतर कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा पूर आणला. मूळ गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेण्यासाठी कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेतला गेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तबकडी अडगळीत गेली. रिकाम्या कॅसेटवर आवडती गाणी भरून देणारी दुकाने गावोगावी निघाली आणि एका चित्रपटाचा सलग अल्बम ऐकण्याची सवय मोडू लागली.

२३/
कॅसेटने नवे आवाजही दिले. मूळचे मंगळवेढ्याचे शिंदे घराणे, म्हणजे प्रल्हाद शिंदे आणि त्यांचा मुलगा आनंद, कॅसेटच्या बळावर महाराष्ट्रभर गाजले. तेलुगू भाषक घरांसाठी तर वेगळेच दालन उघडले. के. विश्वनाथ यांच्या ‘शंकराभरणम्’ने (१९८०) के. व्ही. महादेवन, एस. पी. बालसुब्रमण्यम आणि वाणी जयराम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. त्याचा अल्बम भाषेच्या सीमा ओलांडून गेला. सोलापूरच्या पूर्व भागात तर अशी गाणी भाषांतराविनाच कळत होती. एकाच गल्लीत महानोर आणि वेटुरी शेजारी नांदू शकत होते.

२४/
दूरदर्शनच्या मालिकांचेही अल्बम झाले. गुलजार यांच्या ‘मिर्झा गालिब’ची (१९८८) जगजित आणि चित्रा सिंग यांनी गायलेली कॅसेट मालिकेपेक्षा दीर्घायुषी ठरली. मराठीत खासगी वाहिन्या आल्यानंतर शीर्षकगीतांचे युग सुरू झाले. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ यांसाठी अशोक पत्की यांनी दिलेल्या चाली आजही ओठांवर आहेत. मालिकेचे शेकडो भाग विस्मृतीत गेले, दीड मिनिटाचे शीर्षकगीत उरले. साधन बदलले तरी नियम तोच राहिला.

२५/
मग मोबाइलचे मेमरी कार्ड आले. दुकानदार वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी भरून देई. त्यांतून वेष्टन गेले, कागद गेला, गीतकाराचे नाव गेले. आजच्या गाण्यांच्या अ‍ॅपवरही गायक ठळक दिसतो आणि कवी शोधावा लागतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा कायद्याने सुरक्षित केला, पण नाव लक्षात ठेवण्याचा कायदा करता येत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले, तेव्हा ही गाणी त्यांची होती हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले.

२६/
आता पुन्हा ‘सैराट’. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रपटाचा मोठा भाग करमाळा परिसरातच चित्रित झाला. ‘सामना’प्रमाणेच हाही बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांनी गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या विहिरी, केळीच्या बागा आणि उजनीच्या पाण्यामागे सिम्फनीचे सूर उभे राहिले. अल्बममध्ये गाणी चारच, जुन्या ४५ फेऱ्यांच्या तबकडीत मावतील एवढी.

२७/
ही चारही गाणी आर्ची आणि परश्या गाव सोडून पळण्यापूर्वीची आहेत. त्यानंतर हैदराबाद सुरू होते: झोपडपट्टी, अनोळखी भाषा, मजुरी, भांडण, संसार. तिथे गाणे नाही. भवानी पेठेतल्या तेलुगू जाणणाऱ्या प्रेक्षकाला हा भाग परका वाटण्याचे कारण नव्हते. कामासाठी दुसऱ्या भाषेच्या शहरात येऊन राहणे हा त्याच्या पूर्वजांचाच अनुभव. आणि शेवटी ती शांतता. संगीतकारांनी पूर्वार्धात भरभरून दिलेले सूर दिग्दर्शकाने उत्तरार्धात काढून घेतले आहेत. पूर्वार्ध ऐकण्यासाठी आहे, उत्तरार्ध सोसण्यासाठी.

२८/
अल्बममध्ये अर्थातच पूर्वार्धच आहे. शांतता ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. त्यामुळे आंतरजातीय प्रेमाच्या खुनावरचा चित्रपट जातीतच ठरवलेल्या लग्नांच्या वरातींना गाणे पुरवतो. नाचणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गाणे नाचण्यासाठीच बांधलेले आहे आणि ते उत्तम बांधलेले आहे. पण ‘पिंजरा’पासून दिसणारा प्रवास इथे पूर्ण होतो: ध्वनिमुद्रिका चित्रपटातला आनंद वाचवते आणि त्या आनंदाची किंमत चित्रपटगृहात सोडून येते.

२९/
याला अपवाद आहेत आणि म्हणूनच ते मोलाचे आहेत. ‘सामना’तले आरती प्रभूंचे गीत, ‘सिंहासन’मधली भटांची रचना, ‘जैत रे जैत’चा जवळजवळ संपूर्ण अल्बम. या ठिकाणी प्रश्न चालीत विरघळलेला आहे, तो वेगळा काढता येत नाही. गाणे कथेला चिकटवलेले असेल तर ते सहज सुटून येते. कथाच गाण्यातून सांगितलेली असेल तर ते कुठेही गेले तरी कथेला सोबत घेऊन जाते. सोलापूरच्या एका घरात कुमार गंधर्व ऐकत वाढलेल्या मुलाने हे फार लवकर ओळखले असावे.

३०/
पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून चित्रपट जपते. तबकड्या जपण्याचे काम मात्र मुख्यतः हौशी संग्राहकांनीच केले आहे. मुंबईत सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही त्यांतली ठळक संस्था. बाकी कितीतरी रेकॉर्डी आणि कॅसेटी घरांच्या माळ्यांवर आहेत. त्यांच्या वेष्टनांवर गीतकार, वादक, वितरक, किंमत, दुकानाचा शिक्का अशी नोंद असते, जी कोणत्याही अ‍ॅपवर मिळत नाही. भंगारात देण्यापूर्वी त्या वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवले, तरी एक दस्तऐवज वाचतो.

३१/
आणि एक साधी गोष्ट. गाणे पाठ आहे पण चित्रपट पाहिलेला नाही, अशांची यादी प्रत्येकाकडे असते. त्यातला एक निवडावा. ‘उंबरठा’ निवडला तर ती गझल त्यानंतर पूर्वीसारखी ऐकू येणार नाही. सुलभेची बॅग आणि रेल्वेचा डबा तिच्यासोबत येईल. तबकडीने पन्नास वर्षे आपले काम चोख केले आहे. तिने गाळलेले परत मिळवण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे.

(मालिका समाप्त)